टाचण कुणासाठी? साहेबांसाठी की वाडीवरच्या पोरासाठी?

परवा रात्री चळवळीतल्या एका तरुण कार्यकर्त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला. प्राथमिक शिक्षकांच्या कुठल्याशा व्हॉट्सॲप ग्रुपवरचा. एका शिक्षिकेने रात्री अकरा वाजून गेल्यावर लिहिले होते : ‘तिसरी मराठी आणि परिसर अभ्यास, या आठवड्याचे टाचण कुणाकडे तयार असेल तर टाका. उद्या शाळाभेट आहे.’ खाली पाच-सहा पीडीएफ, दोन अंगठे, एक ‘धन्यवाद सर’. आणि त्याखाली आपल्या या दादाची टिप्पणी : ‘हे बघा फुकटचा पगार खाणारे कॉपी-पेस्ट मास्तर. आपल्या पोरांचं वाटोळं यांनीच केलं.’

मला हसू आले नाही. त्याला त्या रात्री उत्तरही दिले नाही, कारण ते दोन ओळींत मावणारे नव्हते. आता देते.

पहिली गोष्ट, विचारण्यात लाज कसली? कसे शिकवायचे हे दुसऱ्याकडून शिकून घेण्यात सावित्रीमाईंना कमीपणा वाटला नाही. त्या अहमदनगरला फॅरारबाईंकडे जाऊन शिकल्या आणि मग पुण्यात मुलींसमोर उभ्या राहिल्या. वकील दुसऱ्या वकिलाला विचारतो, डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरला विचारतो, तेव्हा आपण त्याला ‘सल्लामसलत’ म्हणतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंनी विचारले की ती कामचुकारी. हा फरक कुठून आला, याचा विचार निदान आपण तरी करायला हवा. जिल्हा परिषदेच्या मास्तरला शिव्या घालणे हा आज शहरी मध्यमवर्गाचा आवडता खेळ आहे, आणि या खेळाचा शेवट ‘मग त्या शाळा बंदच करा’ इथे होतो. त्या शाळांत पोरे कुणाची आहेत? ज्यांना दुसरी शाळा परवडत नाही त्यांची. म्हणजे आपली, कातकऱ्यांची, ठाकरांची. दादा, तू ज्या खेळात टाळ्या वाजवतोस त्यात मैदानाबाहेर कोण जाणार आहे ते आधी बघ.

पण म्हणून त्या स्क्रीनशॉटमध्ये सगळे ठीक आहे असेही मी म्हणत नाही. त्यात एक गोष्ट फार वाईट होती आणि ती माझ्या मित्राला दिसलीच नाही. पीडीएफ टाकणाऱ्या पाच-सहा जणांपैकी एकानेही विचारले नाही : बाई, तुमच्या तिसरीत मुले किती? घरी कोणती बोली बोलतात? वाचता किती जणांना येते? असे काहीही न विचारता टाचण मिळते, कारण ते मुलांसाठी मागितलेलेच नसते. ते साहेबांच्या सहीसाठी मागितलेले असते. मागणारीलाही ते ठाऊक, देणाऱ्यालाही, आणि उद्या सही करणाऱ्या साहेबांनाही.

मी पेण तालुक्यातल्या वाड्यांवर काम करते. गागोदे बुद्रुकला जाणे-येणे असते. गागोदे म्हणजे विनोबा भावे यांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी ते इथे जन्मले. बाहेरून माणसे जन्मस्थान बघायला येतात, हात जोडतात, फोटो काढतात आणि जातात. विनोबांशी आपले वैचारिक भांडण आहे आणि ते मी लपवणार नाही. पुढे त्यावर येतेच. पण शिक्षण हे जगण्यापासून तोडून वेगळे काढता येत नाही, हा विचार त्यांनी आयुष्यभर मांडला, हे मान्य करायला हवे. गंमत अशी की राज्यातल्या अनेक जिल्हा परिषदांच्या शिक्षकांच्या मोबाइलमध्ये आज ‘विनोबा’ याच नावाचे एक ॲप आहे. त्यावर शिक्षकांनी आपले उपक्रम टाकायचे, चांगल्या पोस्टला महिन्याचे कौतुक. कल्पना वाईट नाही. पण उपक्रमाचा फोटो निघू शकतो. ज्या पोराला काल ‘ळ’ आणि ‘ल’ यांतला फरक कळला, त्या क्षणाचा फोटो निघत नाही. आणि जिथे फोटोच मोजला जातो तिथे शिक्षक फोटो निघेल असेच काम करू लागतो. यात ॲपचा दोष किती आणि मोजणाऱ्यांचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

माझी एक मैत्रीण याच तालुक्यात शिक्षिका आहे. शाळेचे नाव सांगत नाही. दोन शिक्षकी शाळा, पहिली ते पाचवी. पहिली, दुसरी, तिसरी तिच्याकडे, एकाच खोलीत. तीन वर्गांचे मराठी, गणित, इंग्रजी मिळून नऊ झाले. तिसरीचा परिसर अभ्यास धरला की दहा. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण वेगळेच. म्हणजे नियमाने चालायचे तर या बाईने रोज दहा टाचणे लिहायची, तीही अशी की जणू प्रत्येक तासाला तिच्यासमोर एकच वर्ग बसला आहे. ग्रुपवर मिळणारी बहुतेक टाचणे एका वर्गाची, एका विषयाची, पस्तीस-चाळीस मिनिटांची असतात. तीन वर्ग एका खोलीत असताना पहिलीला काय देऊन बसवायचे, तेवढ्यात तिसरीला काय सांगायचे आणि दुसरीतल्या कोणत्या मुलीला पहिलीच्या पोरांजवळ बसवायचे, हे त्या पीडीएफमध्ये नसते. म्हणजे जो सल्ला तिला खरोखर हवा आहे तो मिळत नाही, आणि जो मिळतो तो तिच्या खोलीत चालत नाही. मग ते टाचण वहीत उतरवले जाते आणि बाई तिला जमेल तसे शिकवते. वही एकीकडे, वर्ग दुसरीकडे.

हा आराखडा मुळात आला कुठून? डी.एड.ला सगळ्यांनी ‘पंचपदी’ घोकलेली असते. हर्बार्ट नावाच्या जर्मन विचारवंताच्या शिष्यांनी एकोणिसाव्या शतकात पाठाच्या पाच पायऱ्या बसवल्या, त्या फिरत फिरत आपल्या अध्यापक विद्यालयांत येऊन स्थिरावल्या. नंतर ज्ञानरचनावाद आला. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये शिक्षकांनी खरेच जीव ओतून काम केले, राज्यभरातून शिक्षक बघायला गेले आणि २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. पण पुष्कळ ठिकाणी पोहोचले काय? रंगवलेली फरशी. कुमठ्याच्या शिक्षकांनी फरशीवर का लिहिले, कोणत्या मुलांसाठी लिहिले, हा विचार वाटेतच गळून पडला. आता निपुण भारत आले, अध्ययन निष्पत्ती आल्या. वहीतले रकाने बदलतात. रकाने कुणाला दाखवायचे, ते बदलत नाही.

आता कायद्याकडे या. आपण कायदा मानणारी माणसे, तर निदान कायदा वाचून भांडूया. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या अनुसूचीत लिहिले आहे की शिक्षकाचे काम आठवड्याला किमान पंचेचाळीस तास, आणि हे तास पूर्वतयारीच्या वेळेसह आहेत. पूर्वतयारीसह! म्हणजे उद्याचा पाठ कसा घ्यायचा याचा विचार करण्यासाठी शिक्षकाला वेळ असतो, हे संसदेने मान्य केले आहे. तो वेळ कुठे गेला? कलम २७ म्हणते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. प्रत्यक्षात आहाराचा तांदूळ मोजा, यू-डायस भरा, आधार जुळवा, अमक्या दिवसाचे फोटो टाका, तमक्या शपथेची लिंक भरा, आणि सगळे ‘आज दुपारी दोनपर्यंत’. पूर्वतयारीचा तास या दोनपर्यंतच्या माहितीने खाल्ला. म्हणून बाईंचा संदेश रात्री अकरा वाजता येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये प्राथमिक शिक्षक संघटनांनी आंदोलन केले तेव्हा काळ्या फितींबरोबर प्रशासनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडण्याचाही कार्यक्रम होता. नेमका निषेध होता तो. दुखणे कुठे आहे हे शिक्षकांना कळते. पण मागण्यांच्या यादीत संचमान्यता आली, कमी पटाच्या शाळेवरचा कंत्राटी शिक्षक आला (दोन्ही रास्त), आणि ‘आमचा तयारीचा तास आम्हाला परत द्या’ हे मात्र घोषणा होण्याइतके मोठे झाले नाही. ते व्हायला हवे होते, असे माझे मत आहे.

याच कायद्याचे कलम २४ बघा. एका खंडात म्हणते, ठरलेल्या वेळेत अभ्यासक्रम पूर्ण करा. लगेच पुढच्या खंडात म्हणते, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासा आणि लागेल तसे जादा शिकवा. कागदावर दोन्ही कर्तव्ये शेजारी-शेजारी सुखाने नांदतात. वाडीवरच्या शाळेत ती रोज एकमेकांच्या उरावर बसतात. आणि तपासणीला येणारा माणूस पहिलेच कर्तव्य तपासतो, कारण ते वहीत दिसते. ‘घटक कुठपर्यंत आला?’ हा प्रश्न सोपा आहे. ‘ही मुलगी मागच्या महिन्यात कुठे होती आणि आज कुठे आहे?’ हे विचारायचे तर मुलीजवळ बसावे लागते.

आता त्या पीडीएफमध्ये काय असते ते बघू, कारण खरी मेख तिथे आहे. माझ्या मैत्रिणीने मला तिच्या फोनमधली सगळी फाइल दाखवली. दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्याचे टाचण. पूर्वज्ञान : ‘विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीतील अनुभव सांगतात.’ अपेक्षित उत्तरे : फराळ, आकाशकंदील, किल्ला, मामाचा गाव. तिच्या वर्गात निम्मी मुले कातकरी. कातकरी म्हणजे महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. दिवाळी सरली की वाडी मोकळी होते. मालकाकडून अंगावर घेतलेले पैसे फेडायला अख्खे घर वीटभट्टीवर जाते ते थेट पावसाच्या तोंडावर परत येते. ज्या आठवड्यात टाचण ‘सुट्टीतील अनुभव’ विचारते, त्याच आठवड्यात या मुलांच्या घरी भांडी बांधली जात असतात. ते टाचण लिहिणारा माणूस दुष्ट नाही. त्याच्या डोळ्यासमोर जे मूल आहे ते हे मूल नाही, इतकेच. एम.ए.ला आम्ही बोर्द्यू वाचला होता, ‘सांस्कृतिक भांडवल’ वगैरे. परीक्षेपुरते पाठ केले. ते प्रत्यक्षात कसे दिसते हे मला त्या एका ओळीत कळले. पूर्वज्ञान या शब्दातच ठरवून टाकलेले असते की कुणाचे ज्ञान ज्ञान आहे.

आणि असे बघा, तिसरीला आपल्याच जिल्ह्याचा भूगोल शिकवायची महाराष्ट्राची जुनी रीत आहे. म्हणजे पुस्तक म्हणते रायगड शिकवा, आणि टाचण येते दुसऱ्याच कुठल्यातरी जिल्ह्यातून.

१४ एप्रिलचे तर बोलायलाच नको. तयार सूत्रसंचालन, तयार भाषण, तयार घोषवाक्ये. ‘बाबासाहेब गरीब कुटुंबात जन्मले, दिव्याखाली अभ्यास करून मोठे झाले.’ गरीब! गोणपाटावर वेगळे बसावे लागले ते गरिबीमुळे काय? ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस, २६ नोव्हेंबरला संविधान दिन, प्रत्येकाची पीडीएफ आहे आणि प्रत्येक पीडीएफमधून जात काळजीपूर्वक पुसलेली आहे. ज्या जिल्ह्यात २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले गेले, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, त्या जिल्ह्यातल्या मुलाला महाड आपल्याच जिल्ह्यात आहे हे माहीत नसावे? मी विचारले आहे मुलांना. पुष्कळांना नसते.

महाडला जाण्याच्या आठच दिवस आधी, १२ मार्च १९२७ ला, बाबासाहेब मुंबई विधिमंडळात बोलायला उभे होते. विषय होता शिक्षणावरचा खर्च. त्यांनी आकडा दिला : प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त अठरा पोहोचतात, बाकी ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. आपण भाषणांत त्या महिन्याचे तळे सांगतो आणि त्याच महिन्यातली ही शाळा विसरतो. बाबासाहेबांनी ही दोन कामे वेगळी मानली नव्हती.

आता विनोबांशी असलेले भांडण. ‘स्थानिक जगण्यातून शिकवा’ असे मी म्हणते आहे, तेव्हा आपल्यातले जाणते लगेच सावध होतील, आणि झालेच पाहिजे. वीटभट्टीवरच्या मुलाला विटांतूनच गणित शिकवा, म्हणजे तो पुढे चांगला वीट पाडणारा होईल, असा या शिकवणीचा एक अर्थ निघतो. हा धोका कल्पनेतला नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी बापाचा धंदा शिकावा अशी योजना आणली. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला जातीचे शिक्षण म्हणून झोडपले, आणि १९५४ मध्ये कामराज सत्तेवर आल्यावर ती मागे घ्यावी लागली. श्रमाचे कौतुक करत करत माणसाला त्याच श्रमाला बांधून ठेवणे ही या देशातली जुनी युक्ती आहे. बाबासाहेबांनी म्हणूनच उच्च शिक्षणाचा हट्ट धरला. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी सिद्धार्थ कॉलेज.

पण जोतीराव काय म्हणतात तेही बघा. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी खेड्यातल्या शाळेत शेतीची आणि आरोग्याची प्राथमिक माहिती शिकवायला सांगितली, आणि त्याच दमात व्याकरण, इतिहास, भूगोल आणि हिशेबही मागितला. शिवाय शिक्षक शेतकरी वर्गातला असावा, कारण तो मुलांत मिसळेल, त्यांच्या गरजा ओळखेल, असेही सांगितले. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळते. भट्टीवर मजुरी हजार विटांवर ठरते. नऊ वर्षांच्या पोराने हजार विटा रचलेल्या पाहिलेल्या असतात. फळ्यावरच्या १००० समोर तो गप्प बसतो आणि आपण त्याला ‘अप्रगत’ लिहितो. विटांपासून सुरुवात करायची ती त्याला १००० वाचता यावा म्हणून, आणि मग हजाराचा भाव, उचल, फेड, व्याज मांडता यावे म्हणून. ज्या दिवशी तो मालकाची वही वाचेल त्या दिवशी त्या गणिताचे काय होईल ते मालकाला विचारा. असे टाचण कुठल्या ग्रुपवर तयार मिळणार नाही. ते त्या वाडीवर जाऊनच लिहावे लागते.

‘एवढे एकटी बाई कशी करणार?’ करू शकत नाही, आणि तिने एकटीने करावे असे मी म्हणत नाही. जपानमध्ये शिक्षक चार-पाच जण बसून एकच पाठ आखतात, एकजण तो वर्गात घेतो, बाकीचे मागे बसून मुलांकडे बघतात, मग पुन्हा बसून तो पाठ दुरुस्त करतात. शंभर वर्षांहून जुनी रीत आहे. आपल्याकडे दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद होते. आठ-दहा शाळांचे शिक्षक एका छताखाली येतात. तिथे परिपत्रके वाचून दाखवली जातात. त्या दिवशी परिपत्रके बाजूला ठेवून वाड्यांवरच्या शाळांसाठी तीन वर्गांचा मिळून एकच पाठ आखला, तर बारा महिन्यांत निदान आठ-नऊ पाठ आपल्या मातीतले तयार होतील. केंद्रप्रमुखाने ठरवले तर याला पैसा लागत नाही.

आणि आपण? आता जरा आपल्याकडे बोट. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. आपल्या वस्तीतल्या किती बाया या समितीत आहेत आणि किती जणी फक्त सहीपुरत्या आहेत, हे आपल्याला माहीत आहे? जयंतीच्या मिरवणुकीचा हिशेब आपण पै-पैचा ठेवतो. शाळेच्या विकास आराखड्यावर कुणाची सही आहे ते आपण पाहिलेले नसते. आपल्यातले कितीतरी जण आज शिक्षक आहेत. ते या ग्रुपांवर आहेत, तीच जात पुसलेली पीडीएफ पुढे ढकलतात, आणि रविवारी विहारात ‘समाजाचे ऋण’ यावर बोलतात. मला त्यांच्यावर राग नाही, कारण मीही तेच केले आहे. विहारातल्या अभ्यासवर्गासाठी मी पहिली दोन वर्षे इंटरनेटवरून कृतिपत्रिका छापून आणत होते. एकदा मुलांना ‘माझी खोली’ यावर पाच वाक्ये लिहायला दिली. एका मुलीने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारले, ‘ताई, खोली कुणाची लिहू?’ एका खोलीत सात माणसे राहतात त्यांच्या घरी. माझी एम.ए.ची पदवी त्या दिवशी काही कामाला आली नाही.

तेव्हा दादा, त्या स्क्रीनशॉटवर हसण्याऐवजी असे कर. तुझ्या वस्तीच्या शाळेत जा, बाईंना नमस्कार कर, आणि विचार की या आठवड्यात तुम्ही काय शिकवणार आहात, त्यात आमच्याकडून काय हवे? त्यांना आधी संशय येईल. राजकारण करायला आलेत असे वाटेल. दुसऱ्या वेळी वाटणार नाही. मागच्या महिन्यात माझ्या मैत्रिणीला वाडीवरच्या मुलांच्या बोलीतले शब्द हवे होते. एका आजीला शाळेत नेऊन बसवले. आजी आयुष्यात पहिल्यांदा वर्गात खुर्चीवर बसली. दोन तासांत वहीची तीन पाने भरली : झाडे, मासे, भांडी, नाती. पहिलीची पोरे ऐकत होती आणि आजी चुकली की दुरुस्त करत होती. त्या दिवसाचे टाचण माझ्या मैत्रिणीने दुसऱ्या दिवशी लिहिले, शिकवून झाल्यावर.

दिवाळी जवळ आली आहे. वाडीवरची घरे आता आठ-पंधरा दिवसांत निघतील. जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी पत्रक मिळाले का, ते कोणत्या भट्टीवर जाणार आहेत आणि तिथून जवळची शाळा कोणती, ही यादी आम्ही करतो आहोत. पेण, खालापूर, पनवेलच्या बाजूला जे कार्यकर्ते आहेत त्यांनी आपापल्या भागातल्या भट्ट्यांची माहिती कळवावी. तीन पानी शब्दांची वहीसुद्धा त्या मुलांबरोबर नव्या शाळेतल्या बाईंकडे पाठवायची आहे.

जयभीम.